थिनरचा वास "उडून जातो" म्हणजे नेमका जातो कुठं?

मे महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी घर रंगवायला काढलं. सोलापूरचा मे म्हणजे दुपारी दोनला गच्चीवर अनवाणी पाय ठेवून बघा, बाकी सांगायची गरज नाही. भिंती झाल्या, मग पेंटर मामांनी लोखंडी कपाट करायला घेतलं आणि थिनरचा डबा उघडला. पाच मिनिटांत तो वास देवघरापर्यंत पोचला, आईनं पदर नाकाला लावला आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मामा म्हणाले, "काय होत नाय ताई, दोन दिवसात उडून जातंय." आई तिथनंच ओरडली, "उडून जातंय म्हणजे कुठं जातंय? शेजारच्यांच्या घरात?"

मी बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळं घरात असल्या प्रश्नाची जबाबदारी आपोआप माझ्यावर येते. तेव्हा मी "हवेत मिसळतं" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण ते अर्धंच उत्तर आहे, आणि खरं उत्तर इतकं भारी आहे की ते नीट सांगायलाच पाहिजे असं रात्री गच्चीवर पडल्यापडल्या वाटत राहिलं, म्हणून हे लिहितोय.

आधी एक साधा हिशोब करा. जगभर रोज केवढं पेट्रोल, थिनर, गॅस, धूर, शेणाचा वास, झाडांचा वास हवेत जातोय, वर्षानुवर्षं जातोय. हे सगळं नुसतं "मिसळत" राहिलं असतं तर आतापर्यंत आपण गॅरेजमधल्या खड्ड्यात बसल्यासारखे जगत असतो. तसं होत नाही, कारण हवेत या गोष्टी जळतात. ज्वाळा नाही, धूर नाही, पण हिशोब जळण्याचाच, म्हणजे कार्बनवाली वस्तू घ्यायची, तिला टप्प्याटप्प्यानं ऑक्सिजन चिकटवत जायचं आणि शेवटी कार्बन डायऑक्साईड नि पाणी करून सोडायचं. चुलीत हे काम क्षणात होतं, हवेत त्याला कधी तास लागतात, कधी दिवस, कधी वर्षं.

आता गंमत अशी की हवेत २१ टक्के ऑक्सिजन असूनही तो स्वतःहून थिनरला हात लावत नाही. थिनरची बाटली उघडी ठेवली तर ती पेट घेते का? नाही, काडी लागते. हवेतली ती काडी म्हणजे ओएच रॅडिकल. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, बस. पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन काढून घेतला की जे उरतं ते. त्याचं एक इलेक्ट्रॉन एकटं पडलेलं असतं आणि जोडीदार मिळेपर्यंत त्याला चैन नसतं, त्यामुळं समोर जो रेणू येईल त्याचा हायड्रोजन हिसकावून घ्यायचा आणि आपण पाणी होऊन मोकळं व्हायचं, एवढाच त्याचा धंदा. जन्माला आल्यापासून एक सेकंद पण टिकत नाही.

आणि संख्या बघाल तर हसू येईल. एका घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे साधारण एका फाशाएवढ्या हवेत, हे सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात. दहा लाख ऐकायला बरं वाटतं, पण त्याच फाशात हवेचे एकूण रेणू इतके आहेत की साधारण २५ लाख कोटी रेणूंमागे एक ओएच पडतो. एवढ्याशा मालावर अख्ख्या वातावरणाची साफसफाई चाललीय. १९७१ पर्यंत शास्त्रज्ञांचापण यावर विश्वास नव्हता, खालच्या हवेत असलं काही फारसं घडत नाही असंच धरून चालले होते, मग हायरम लेव्ही नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं गणित मांडून दाखवलं की ओएच खाली, आपण श्वास घेतो त्या हवेतसुद्धा तयार होत असणार.

तयार होतो कसा? तीन गोष्टी लागतात, ओझोन, ऊन आणि दमटपणा. उन्हातला अतिनील किरणांचा जो थोडासा भाग खालपर्यंत पोचतो तो ओझोनला फोडतो, त्यातनं एक चवताळलेला ऑक्सिजन अणू सुटतो. बहुतेक वेळा तो आजूबाजूच्या नायट्रोजनला धडकून धडकून शांत होतो, पण दमट हवेत दहातला एखादा नेमका पाण्याच्या वाफेला धडकतो आणि एकाचे दोन ओएच होतात. म्हणजे कारखाना दुपारी जोरात आणि रात्री जवळपास बंद. सोलापूरला ऊन काय कमी नाही, पण मे मध्ये हवा कोरडी ठक्क असते, जूनमध्ये ढगांच्या मधनं ऊन पडतं आणि अंगाला चिकचिक होते ना, तसल्या दुपारी ओएच बनायला वाफेची ददात नसते.

बरं, आता आमच्या कपाटावरनं सुटलेला एक रेणू धरा. बऱ्याच थिनरमध्ये टोल्युईन असतं, त्याचाच धरू. सहा कार्बनची अंगठी आणि तिला एक शेपूट. खिडकीतनं बाहेर पडला, साखर पेठेच्या पत्र्यांवरनं गेला, पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खडखडाटावरनं वर वर चढला. टोल्युईनला ओएच भेटायला सरासरी दोनेक दिवस लागतात. मामांचा "दोन दिवसात" हा अंदाज खोलीतल्या वासाचा होता, खोलीतनं तर तो वारं आलं की तासाभरात बाहेर जातो, पण बाहेरच्या हवेसाठी आकडा निव्वळ योगायोगानं बरोबर निघाला. या दोन दिवसांत ताशी १० किलोमीटरच्या वाऱ्यानं तो ४८० किलोमीटर जातो. मे मधलं आपलं वारं साधारण पश्चिमेकडनं, म्हणजे आमच्या कपाटाचा वास हैदराबाद ओलांडून गेला असणार. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, मावशीकडं पोचला."

हो, पण सरासरी म्हणजे सगळे रेणू बरोब्बर दोन दिवसांनी मरत नाहीत. काही निघाल्या निघाल्या विजापूर वेशीपाशीच सापडतात, दोन दिवसांनी अजून तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त शिल्लक असतात, आणि थोडे आठवडाभर पण हिंडत राहतात.

ओएच भेटल्यावर काय होतं ते जरा बारकाईनं बघण्यासारखं आहे. दहातल्या एखाद्या वेळी तो शेपटीचा हायड्रोजन ओढतो, आणि त्यातनं पुढं बेन्झाल्डिहाइड तयार होतं. हे म्हणजे काय, तर स्वस्तातल्या बदाम आईस्क्रीमला जो बदामाचा वास असतो ना, तो. थिनरचा बदाम! बाकी बहुतेक वेळा ओएच थेट अंगठीवरच जाऊन बसतो. मग कधी क्रेसॉल होतं, जुन्या जंतुनाशकांसारखा उग्र वास असलेलं, नाहीतर अंगठीच फुटते आणि छोटे छोटे तुकडे पडतात. हे तुकडे मूळ टोल्युईनपेक्षा ओएचला जास्त आवडतात, क्रेसॉल तर टोल्युईनच्या आठ-दहा पट वेगानं सापडतं. तुकड्यांचे तुकडे, त्यांचे अजून तुकडे, फॉर्मल्डिहाइड, मग कार्बन मोनॉक्साईड. इथं गाडी जरा अडते, कारण कार्बन मोनॉक्साईडला ओएच भेटायला दोनेक महिने लागतात. आणि मग एकदाचं कार्बन डायऑक्साईड. झालं, कपाटाचा वास संपला. सगळेच तुकडे शेवटपर्यंत जात नाहीत हं, काही पाण्यात विरघळणारे असतात ते मध्येच पावसात उतरतात, काही धुळीला चिकटून खाली बसतात.

इथपर्यंत ऐकून वाटेल की वा, निसर्गानं काय सोय केलीय, करा रंगकाम. थांबा की. मधल्या पायऱ्यांवर खरी गोम आहे आणि शाळेच्या पुस्तकात नेमकी तीच गाळलेली असते.

हायड्रोजन गेलेला तो तुकडा एकटा राहत नाही, लगेच हवेतला ऑक्सिजन अंगावर घेतो आणि पेरॉक्सी रॅडिकल बनतो. आता जवळपास गाड्यांचा धूर असेल तर त्यात नायट्रिक ऑक्साईड असतो, पेरॉक्सी आपला एक ऑक्सिजन त्याच्या गळ्यात घालतो, त्याचा नायट्रोजन डायऑक्साईड होतो. त्याला ऊन लागलं की तो फुटतो, एक ऑक्सिजन अणू सुटतो, तो दुसऱ्या ऑक्सिजनला चिकटतो, ओझोन तयार. आणि या सगळ्या भानगडीत शेवटी ओएच परत बाहेर पडतो, म्हणजे उधार घेतलेली काडी परत पेटीत, पुन्हा नवीन शिकार. साफसफाई करता करता झाडूवाल्यानंच कचरा करावा तसली गत. ओझोन वर २० – २५ किलोमीटरवर असला की आपली छत्री, आणि नाकाशी असला की घसा खवखवणार, दम्यावाल्यांना त्रास, पिकांची पानं खराब. वास ओळखीचा आहे तुमच्या, जुन्या झेरॉक्स मशीनपाशी उभं राहिल्यावर किंवा वेल्डिंग चालू असताना एक झणका येतो ना, तोच.

हे शोधून काढलं कुणी, तर अननसाच्या वासावर काम करणाऱ्या माणसानं. खरंच. १९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये असा धुरकट पट्टा पसरला की लोकांचे डोळे झोंबायला लागले, युद्धाचे दिवस, काहींना वाटलं शत्रूनं गॅस सोडला. तिथल्या कॅल्टेक विद्यापीठात आरी हागेन-स्मिट नावाचे डच प्राध्यापक होते, ते अननसाचा सुगंध कशाकशानं बनतो हे बघत होते. तेच यंत्र त्यांनी शहरातल्या हवेला लावलं आणि १९५० च्या आसपास दाखवलं की पेट्रोलची वाफ, गाडीचा धूर आणि ऊन एकत्र आले की ओझोन बनतो. ओझोन मोजायला ते ताणलेलं रबर वापरायचे, ओझोननं रबराला चिरा पडतात, किती वेळात पडल्या त्यावरनं अंदाज. आपल्याकडं पण उन्हात उभ्या गाडीच्या टायरला बाजूनं बारीक चिरा जातात त्यात उन्हाबरोबर ओझोनचापण हात असतो.

यातली एक उलटी गोष्ट माझ्या आवडीची आहे. ओझोन सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या सिग्नलला जास्त असेल असं वाटतं, पण तिथं ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साईड ओझोनला खाऊन टाकतो. वारं तो माल शहराबाहेर नेतं, वाटेत ऊन शिजवतं, आणि दुपारी तीन-चारला ओझोन चढतो तो बऱ्याचदा वाऱ्याच्या दिशेच्या गावांकडं. माल शहराचा, दुखणं शेतकऱ्याच्या पिकाला.

अजून एक मधला गडी म्हणजे पेरॉक्सीअसिटाईल नायट्रेट, थोडक्यात पॅन. तोकडं नाव साधं, पण डोळ्याला झोंबणारं ते हेच. नायट्रोजन डायऑक्साईडला पोटात बांधून ठेवणारं गाठोडं आहे ते, आणि गाठ उष्णतेनं सुटते. २५ डिग्रीला पाऊणेक तासात, आणि आपल्या ४० डिग्रीच्या दुपारी पाचेक मिनिटांत. पण तेच पॅन वर थंड हवेत गेलं की महिनोन्महिने गाठ तशीच राहते, हजारो किलोमीटर जातं आणि जिथं उबदार हवेत खाली उतरतं तिथं गाठ सुटते. सोलापूरच्या उन्हाचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर हे एक उत्तर तयार ठेवा.

रात्रीचं खातं वेगळं. ऊन गेलं की ओएच जवळपास बंद, मग नायट्रेट रॅडिकल ड्युटीवर येतो. नायट्रोजन डायऑक्साईड आणि ओझोन मिळून हा बनतो, आणि ऊन त्याला पाच सेकंद पण सोसत नाही, म्हणून दिवसा दिसत नाही. झाडांच्या सुगंधी वाफांवर हा फार जोरात. त्या वाफांना ओझोन पण रात्रंदिवस कुरतडत असतो, त्यांच्यात कार्बन-कार्बनचा दुहेरी बंध असतो, ओझोन नेमका तिथं करवत लावतो.

आणि यावरनंच घरातली गोष्ट. थिनरचा वास मारायला आईनं चार उदबत्त्या लावल्या आणि फरशी लिंबाच्या वासाच्या लिक्विडनं पुसली. लिंबाच्या वासात लिमोनीन असतं, खिडकीतनं आत आलेला ओझोन त्याला कापतो आणि त्यातनं थोडं फॉर्मल्डिहाइड आणि अतिशय बारीक कण तयार होतात. उदबत्तीचा धूर वेगळाच. म्हणजे आधी घरात एक भानगड होती, आता तीन झाल्या. हे मी आईला सांगितल्यावर काय ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.

बारीक कण म्हणजे काय तर, रेणूला ऑक्सिजन चिकटत गेले की तो जड आणि चिकट होत जातो, वाफ म्हणून राहू शकत नाही, मग असे जड रेणू एकत्र येऊन कण होतात. आपल्याकडं प्रदूषण म्हटलं की धूळ, रस्त्याची कामं, डंपर. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर आहे, तिथं पण चर्चा धुळीचीच. धूळ आहेच, कोण नाही म्हणतंय, पण बारीक कणांतला चांगला मोठा वाटा कुठल्याच चिमणीतनं कण म्हणून निघालेला नसतो, तो वाफेतनं हवेतच जन्मतो, झाडू मारून जाणारा नाही. ढगाच्या थेंबाला पण बसायला असला कण लागतो, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेवाल्यांनी २०१८ आणि १९ मध्ये ढगांवरच्या प्रयोगासाठी सोलापूरला तळ ठोकला होता तेव्हा कण आणि ढग यांचाच हिशोब चालला होता.

आता जे मोडत नाहीत त्यांच्याकडं येऊ. ओएचला रेणू धरायला कान लागतो, कपाला असतो तसा. तो कान म्हणजे हायड्रोजन, किंवा दुहेरी बंध. मिथेनला चार हायड्रोजन आहेत पण इतके घट्ट की तो नऊ-दहा वर्षं टिकतो. बेंझीनला दहाएक दिवस, झाडांच्या आयसोप्रीनला दोनेक तास. आणि जुन्या फ्रिजमधले क्लोरोफ्लुरोकार्बन बघा, कानच नाही. क्लोरीन, फ्लोरीन, कार्बन, बस. ओएच येतो, हात फिरवतो, निघून जातो. मग ते वर चढत चढत ओझोनच्या थरापर्यंत जातात आणि तिथल्या कडक अतिनील किरणांनी फुटून क्लोरीन सोडतात. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हे सांगितलं, १९९५ ला क्रुटझेन यांच्यासोबत नोबेल मिळालं. नंतर जे पर्याय आणले त्यांत मुद्दाम हायड्रोजन ठेवला, म्हणजे कपाला कान जोडून दिला, की ओएचनं खालीच बराचसा माल संपवावा.

डीडीटीचं दुखणं थोडं निराळं. पूर्वी मलेरियाचे फवारणीवाले यायचे, भिंतीवर गेरूनं तारीख लिहून जायचे, आजीला अजून आठवतं. त्याला क्लोरीन चिकटलेले, त्यामुळं धीमा, शिवाय धड वाफ नाही नि धड घन नाही. उन्हाळ्यात थोडं उडतं, थंडीत कुठंतरी बसतं, परत उडतं, टोळासारखं उड्या मारत थंड प्रदेशाकडं सरकतं, आर्क्टिकच्या प्राण्यांच्या चरबीत सापडतं. असल्या १२ जणांची यादी करून २००१ मध्ये स्टॉकहोमला करार झाला. पाचट किंवा प्लास्टिक जाळल्यावर निघणाऱ्या बेंझोपायरीनसारख्या पाच अंगठ्यांच्या रेणूची युक्ती तिसरीच, तो काजळीच्या कणात जाऊन बसतो. उघड्यावर असता तर दिवसाउजेडी काही तासांत संपला असता, पण वरनं चिकट थर बसला की ओझोन आत पोचत नाही आणि तो कणाच्या पोटात बसून फुकट प्रवास करतो. हिवाळ्यात हुरड्याच्या दिवसांत पहाटे शेतावर धूर आडवा पसरलेला दिसतो, थंड हवा खाली नि गरम झाकण वर, त्यात ऊनही नाही, म्हणजे ओएच पण सुट्टीवर. तो धूर जुना आहे की ताजा हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, छातीला कळतं.

तुम्ही म्हणाल, सेकंदभर न टिकणारा ओएच जगभर किती आहे हे मोजलं कसं? इथं शाळेतला व्हाईटनर येतो. पूर्वीच्या व्हाईटनरच्या थिनरमध्ये मिथाईल क्लोरोफॉर्म असायचं, कारखान्यात मशीनचं ग्रीस धुवायला पण तेच. हे निसर्गात जवळपास बनतच नाही, सगळं माणसानं बनवलेलं, आणि कंपन्यांच्या नोंदींवरनं दरवर्षी किती विकलं ते माहीत. ओझोनचा थर वाचवायला झालेल्या मॉन्ट्रियल करारामुळं ते बंद झालं, मग शास्त्रज्ञ नुसते बघत बसले की हवेतला साठा कुठल्या वेगानं उतरतोय. पाचेक वर्षांत तिसऱ्या हिश्श्यावर येत होता. हिशोब उलटा लावला की जगातला सरासरी ओएच निघाला. टाकीचा नळ बंद करून पाणी किती वेळात उतरतंय त्यावरनं गळती काढावी, तसं. आम्ही बेंचवर बसून ज्या बाटलीचा वास घ्यायचो आणि सरांचा मार खायचो, तिच्यावरनं लोकांनी अख्ख्या पृथ्वीच्या हवेची ताकद मोजली.

हे सगळं आईला दोन दिवस हप्त्याहप्त्यानं सांगितलं. तिनं शेवटी एकच विचारलं, "ते राहू दे, खिडकी उघडी ठेवू का बंद?" म्हटलं उघडी ठेव, दोन्ही बाजूंच्या उघड, आणि उदबत्ती एकच लाव. "आणि ऊन येतंय ते?" म्हटलं येऊ दे. मग पेंटर मामांना पण वर हाक मारून सांगितलं की थिनरचा डबा वापरून झाला की झाकण लावत जावा, उरलेलं कपाटाला लागायच्या आधीच हैदराबादला निघालंय.